सकाळ आदल्या संध्याकाळी सुरू होते
(कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)



जुलै महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवचनात मी आपल्या तरुणांवर जरा रागावलो होतो, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. रोजच्या साडेसहाच्या मिस्सेला एकही तरुण चेहरा दिसत नाही, याचे मला वाईट वाटत होते. त्या भरात मी म्हणून गेलो, "आजच्या तरुण पिढीला सकाळ ठाऊकच नाही." पुढच्या बाकांवरील ज्येष्ठ मंडळींनी माना डोलावल्या. मलाही वाटले, बरे बोललो.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या व्हरांड्यात एक मुलगी माझी वाट पाहत उभी होती. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "फादर, मला सकाळ ठाऊक आहे. मला रात्रच मिळत नाही." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, डोळ्यांत पाणी होते. पहिल्या लेक्चरला वेळेवर पोहोचणे तिला जमत नव्हते. कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि १८ दिवसांपैकी ९ दिवस तिचे पहिले लेक्चर बुडाले होते. त्या विषयाची ७५ टक्के हजेरी भरली नाही तर ऑक्टोबरच्या परीक्षेला बसू देणार नाहीत, अशी तिला भीती होती. घरी सांगायची सोय नव्हती. सांगितले असते तर "लवकर ऊठ" एवढेच उत्तर मिळाले असते. आणि तेच उत्तर मीही वेदीवरून दिले होते.

त्या मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने, नावगाव न सांगता, तिची हकिकत इथे देत आहे. कारण ती एकटीची नाही. वसईतून रोज पहाटे गाडी पकडणाऱ्या आपल्या कितीतरी मुलामुलींची ती हकिकत आहे.

एका दिवसाचा हिशेब

मी तिला एका कागदावर तिचा दिवस लिहून आणायला सांगितले. तिने आणलेला कागद असा होता:

पहाटे ४.४५ ला गजर. प्रत्यक्षात उठणे ५.१५ किंवा ५.२०. मग पळापळ. ५.३५ ला घर सोडणे, सहाच्या सुमाराची लोकल, ७.१० ला लेक्चर. दुपारी २.१५ ला घरी. जेवण. ३.३० ते ६.३० शेजारच्या मुलांच्या शिकवण्या, दोन तुकड्यांत. (त्या पैशांतून तिची फी भरली जाते.) सातला स्वयंपाकघरात आईला मदत. आठला कुटुंबाची रोझरी. वडील मुंबईहून ९.३० ला येतात, त्यांच्यासाठी सगळे थांबतात, म्हणून जेवण पावणेदहाला. भांडी आवरून साडेदहा. हॉलमध्ये अकरापर्यंत टीव्ही. अकरा ते सव्वाबारा अभ्यास. मग "दहा मिनिटे" मोबाइल, म्हणजे एक वाजेपर्यंत.

रात्री एक ते पहाटे पावणेपाच. झोप पावणेचार तास.

हा कागद हातात घेऊन मी थोडा वेळ गप्प बसलो. या मुलीच्या दिवसात आळस कुठे होता? शिकवण्या, घरकाम, रोझरी, अभ्यास, सगळे होते. मोबाइलची पाऊण तास सोडली तर वाया गेलेला वेळही नव्हता. तरीही तिची सकाळ रोज मोडत होती, कारण ती आदल्या रात्रीच मोडलेली होती. आजच्या पाठात मला एवढेच सांगायचे आहे: चांगली सकाळ सकाळी घडवता येत नाही. ती आदल्या संध्याकाळी घडते, आणि बहुधा एकट्याने घडत नाही.

शरीर काय सांगते

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडाने ते जुळवले जाते. २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबाश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले, ते फळमाशीच्या पेशींतील असल्याच घड्याळाची यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल. माशीपासून माणसापर्यंत सर्व जिवांत हे घड्याळ आहे. संध्याकाळी अंधार पडू लागला की माणसाच्या शरीरात मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि शरीर झोपेची तयारी करू लागते.

आता ही गोष्ट आईवडिलांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. मूल वयात येऊ लागले की हे घड्याळ पुढे सरकते. म्हणजे झोप उशिरा येते आणि जागही उशिरा येते. साधारण विशीच्या सुमारास ते सर्वांत जास्त पुढे गेलेले असते. त्यानंतर वयाबरोबर हळूहळू मागे येते. म्हणून आजोबांना पहाटे चारला आपोआप जाग येते आणि नातवाला आठ वाजताही येत नाही. यात आजोबांचे पुण्य नाही आणि नातवाचे पाप नाही. दोघांची घड्याळे वेगळी लागलेली आहेत.

झोपेची गरज मात्र त्या वयात कमी झालेली नसते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना आठ ते दहा तास आणि त्यापुढच्या तरुणांना किमान सात तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. शरीर उशिरा झोपायला सांगते, कॉलेज लवकर बोलावते, आणि मधल्या मध्ये झोप कापली जाते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे शाळांना कळवले. त्यामागे लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विचार होता. आपल्या कॉलेजच्या मुलांची पहिली लेक्चर्स मात्र अजून सात-सव्वासातला आहेत, आणि वसईच्या मुलाला त्यासाठी पाचला उठावे लागते.

"आम्ही नाही का उठत होतो?" असे ज्येष्ठ मंडळी विचारतील. जरूर उठत होता. माझी आजी पहाटे तीनला उठून भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जायची. पण तिच्या घरात रात्री आठ-साडेआठला दिवा मालवला जायचा. आपण मुलांना आजीची पहाट सांगतो, पण आजीची रात्र त्यांना देत नाही.

रात्र जागून केलेला अभ्यास तरी कामी येतो का? दिवसभर वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. म्हणून झोप कापून केलेला अभ्यास हा भोक पडलेल्या घागरीने पाणी भरण्यासारखा आहे. घागर भरलेली वाटते, घरी येईपर्यंत अर्धी होते.

दोन तत्त्वज्ञ आणि एक नोकर

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ऐकलेल्या दोन गोष्टी मला या निमित्ताने आठवल्या.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त लहानपणी प्रकृतीने नाजूक होता. जेझुइट फादरांच्या शाळेत त्याला सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहण्याची सवलत होती, आणि ती सवय त्याने पुढे आयुष्यभर ठेवली. १६४९ साली स्वीडनच्या राणी ख्रिस्तिनाने त्याला आपल्या दरबारी बोलावले. राणीला तत्त्वज्ञान शिकायचे होते, तेही पहाटे पाच वाजता, आणि भर हिवाळ्यात. फेब्रुवारी १६५० मध्ये देकार्त न्यूमोनियाने वारला. लवकर उठल्यानेच तो मेला, असे मी म्हणत नाही. पण त्रेपन्न वर्षांच्या माणसाची घडी एका हुकमाने बदलता येत नाही, एवढे त्यातून कळते.

दुसरा जर्मन तत्त्वज्ञ कांट. कर्तव्याचे तत्त्वज्ञान सांगणारा हा माणूस रोज पहाटे पाचला उठायचा. आम्हाला त्याच्या निर्धाराचे फार कौतुक वाटायचे. पुढे त्याचे चरित्र वाचले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पहिली, तो रात्री दहाला झोपायचा. दुसरी, त्याला उठवायला लांपे नावाचा नोकर होता. हा लांपे पूर्वी सैन्यात होता. पाचला पाच मिनिटे असताना तो खोलीत येऊन वेळ झाल्याची हाक द्यायचा. मी कितीही विनवण्या केल्या तरी मला झोपू देऊ नकोस, असे कांटने त्याला बजावून ठेवले होते, असे सांगतात. पहाटे पाचला आपली बुद्धी आपल्या बाजूने नसते, हे त्या बुद्धिवंताला ठाऊक होते. म्हणून उठण्याचा निर्णय त्याने पहाटेवर सोडला नाही. तो आदल्या दिवशीच घेऊन दुसऱ्याच्या हाती देऊन ठेवला.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम लिहिले. त्यांचे मठवासी तर मध्यरात्रीनंतर उठून प्रार्थना करीत. तिथेही हेच शहाणपण दिसते. रात्रीच्या प्रार्थनेनंतर कुणी बोलायचे नाही, असा नियम होता. निम्म्याहून अधिक रात्र झोप झालेली असावी आणि जेवण पचलेले असावे, मगच उठावे, असेही त्यांनी सांगितले. मला सर्वांत आवडतो तो झोपण्याच्या जागेविषयीचा नियम. तरुणांच्या खाटा एकमेकांशेजारी नसाव्यात, वडीलधाऱ्यांच्या मध्ये असाव्यात. आणि उठताना सर्वांनी एकमेकांना हळुवारपणे उत्तेजन द्यावे, कारण झोपाळू माणसाला सबबी सुचतात! दीड हजार वर्षांपूर्वी एका संताला झोपाळूंच्या सबबी ठाऊक होत्या. त्यावर त्यांनी सोबत सांगितली.

उलटा हिशेब कसा मांडावा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. त्या मुलीबरोबर आम्ही जे केले, ते कोणालाही करता येईल.

१. गाडीपासून मागे या. लेक्चर किती वाजता, त्यासाठी कोणती गाडी, त्यासाठी घर किती वाजता सोडायचे, त्याआधी किती मिनिटे लागतात, हे लिहा. तिला ५.३५ ला निघायचे होते आणि आंघोळ, चहा, कपडे यांसाठी ३५ मिनिटे पुरेशी होती. म्हणजे उठायचे पाचला, पावणेपाचला नव्हे. पाचमधून सात तास मागे गेल्यास रात्रीचे दहा. तेवढी झोप बसवण्यासाठी संध्याकाळ कशी रचायची, हा खरा प्रश्न.

२. कामे रात्रीतून दुपारी हलवा. शिकवण्यांच्या दोन तुकड्या एकत्र करून ४.३० ते ६.३० अशी एकच वेळ ठेवली. मुलांच्या पालकांनी हरकत घेतली नाही. दुपारी जेवल्यावर २० मिनिटांची डुलकी, गजर लावून. तीन ते साडेचार अभ्यास. म्हणजे रात्रीच्या सव्वा तासाऐवजी दिवसा दीड तास मिळाला, तोही जागेपणीचा. डुलकी मात्र अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये, नाहीतर अंग जड होते आणि रात्रीची झोप बिघडते.

३. सकाळचे निर्णय रात्री घ्या. बॅग, ओळखपत्र, गाडीचा पास, छत्री, इस्त्रीचे कपडे, डब्यात काय न्यायचे, हे सर्व रात्री नऊला ठरवून एका जागी ठेवायचे. पहाटे डोके अर्धे झोपलेले असते. त्याला शोधाशोध करायला लावू नये.

४. मोबाइलला स्वयंपाकघरात झोपवा. साडेनऊला मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा. गजरासाठी साधे घड्याळ घ्यायचे. पडद्याचा उजेड झोप लांबवतो, पण त्याहून अधिक त्यावर दिसणाऱ्या गोष्टी मन जागे ठेवतात. "दहा मिनिटे" कधीच दहा मिनिटे नसतात, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

५. एकच गजर. पावणेपाच, पाचला पाच कमी, पाच, असे तीन गजर लावले तर शेवटची पंधरा मिनिटे ना झोप ना जाग. जाग आल्यावरचा जडपणा साधारण पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकतो. तो सर्वांनाच येतो. आपण आजारी किंवा आळशी आहोत, असा त्याचा अर्थ नाही. तोंडावर पाणी मारून उभे राहिले की तो उतरत जातो.

६. उजेडात या. उठल्याबरोबर खोलीतला दिवा लावा. आपल्याकडे सूर्योदय जूनमध्ये सहाच्या सुमारास आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास होतो, म्हणून पाचला उठणाऱ्याला घरात सूर्य मिळत नाही. तो स्टेशनवर किंवा कॉलेजच्या वाटेवर मिळतो. तिथे दहा-पंधरा मिनिटे मोबाइलमधून डोके वर काढून चाला. पावसाळी आभाळाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी अधिक असतो. सकाळच्या या उजेडाने मेंदूतले घड्याळ मागे सरकते आणि रात्री वेळेवर झोप येते.

७. चहा आणि खाणे. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊचा कडक चहा रात्री दोनला अजून अर्धा शिल्लक असतो. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्यावा. सकाळी रिकाम्या पोटी निघू नये. एक केळे, एक उकडलेले अंडे, रात्रीची भाकरी आणि दूध, काहीही चालेल, पण काहीतरी असावे.

८. दोन मिनिटे देवासाठी. घाईच्या सकाळी लांब प्रार्थनेचा आग्रह मी धरणार नाही. अंथरुणावरून उठताना क्रुसाची खूण आणि एक 'आमच्या बापा' एवढे पुरे. गाडीत बसायला जागा मिळाली तर पुढचे तिथे करावे. परमेश्वर लोकलमध्येही असतो.

९. रविवारी फार सैल सोडू नका. आठवडाभर पाचला उठून रविवारी दहाला उठले, तर सोमवारची पहाट परदेशातून विमानाने आल्यासारखी जाते. दुपारी झोपा, पण सकाळी नेहमीपेक्षा तास-दीड तासाहून अधिक उशीर करू नका.

हे सर्व एका दिवसात सुरू करू नये. देकार्तची आठवण ठेवावी. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी.

सवय म्हणजे काय

ॲरिस्टॉटल म्हणतो की माणूस धैर्याची कामे करता करता धैर्यवान होतो, न्यायाची कामे करता करता न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. सवय म्हणजे वारंवार केलेल्या कृतीतून माणसात रुजलेला कल. तो रुजला की कृती सोपी होते, जणू आपला स्वभावच होऊन जातो.

पण रुजायला वेळ किती? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. रोज एक छोटी नवी गोष्ट करायची आणि ती आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात, हे पाहायचे होते. सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. त्यातील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तरुण मित्रांनो, हे लक्षात ठेवा. आपली मोठी चूक एक दिवस उशिरा उठणे ही नसते. "आता मोडलेच, जाऊ दे" असे म्हणणे ही असते. पडल्यानंतर उठण्याविषयी पापनिवेदनात आपण जे शिकतो, तेच इथेही लागू आहे.

घरातला लांपे

योजना कागदावर सुंदर दिसत होती. अडले ते जेवणापाशी. दहाला झोपायचे तर पावणेदहाला जेवून चालणार नव्हते. मुलांनी सव्वाआठला जेवावे आणि वडील आल्यावर आईने त्यांच्याबरोबर जेवावे, असे ठरले. वडिलांना ते लागले. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "फादर, कुटुंबाने एकत्र जेवावे असे तुम्हीच सांगता. दिवसभर राबून घरी यायचे आणि मुलगी झोपलेली बघायची का?"

माझ्याकडे याचे चटकन देण्यासारखे उत्तर नव्हते. त्यांचे म्हणणे खरे होते. एकत्र जेवण ही लहान गोष्ट नव्हे, आणि मी खरोखरच ते अनेकदा सांगितले आहे. मी एवढेच म्हणालो, "सहा आठवडे करून पाहा. रविवारचे दोन्ही वेळचे जेवण मात्र सर्वांनी एकत्रच करा."

पुढचा मार्ग त्यांनीच काढला. पूर्वी ते सहाला उठत. आता पाचला उठतात, मुलीला हाक मारतात, चहा ठेवतात आणि तिला मोटरसायकलवरून स्टेशनवर सोडतात. ती मला म्हणाली, "फादर, जेवताना पप्पा टीव्ही बघत असायचे. आता गाडीवर बोलतात." तिच्या घरातला लांपे असा सापडला.

या सहा आठवड्यांत ती रोज दहाला झोपली असे नाही. साधारण सव्वादहा वाजतात. म्हणजे पावणेसात तास, आणि दुपारची वीस मिनिटे. पुढच्या ३६ दिवसांत तिचे पहिले लेक्चर पाच दिवस बुडाले, त्यांपैकी दोनदा पावसाने गाड्या रखडल्यामुळे. एकूण ५४ पैकी ४० दिवस हजेरी, म्हणजे ७४ टक्के. अजून एक टक्का कमी आहे! सप्टेंबरमध्ये तो भरून निघेल, अशी आशा आहे. तिच्यासाठी प्रार्थना करावी.

जी मुले मुंबई-पुण्याला हॉस्टेलवर राहतात, त्यांनी खोलीतल्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला आपला लांपे करावे आणि आपण त्याचा व्हावे. एक सूचना मात्र सर्वांसाठी. पुरेसे तास झोपूनही रोज थकवा वाटत असेल, घोरणे असेल किंवा कित्येक आठवडे कशातच मन लागत नसेल, तर तो दिनक्रमाचा प्रश्न नसेल. रक्त कमी असणे, थायरॉइड, मनाचा आजार, अशी कारणे असू शकतात. अशा वेळी मुलांना बोल लावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे.

माझी चूक आणि आपले काम

मला आता कबूल केले पाहिजे की त्या रविवारी मी चुकलो. मी तरुणांना सकाळेबद्दल बोललो, पण त्यांच्या रात्रीबद्दल काही विचारले नाही. शिवाय माझी स्वतःची रात्रही सांगण्यासारखी नव्हती. मोबाइलवर बातम्या पाहत साडेअकरा-बारा वाजत. एका सकाळी झोपेच्या गुंगीत मी एका कुटुंबाच्या पुण्यस्मरणाच्या मिस्सेत मृत व्यक्तीचे नाव घ्यायचेच विसरलो. त्या घरच्यांनी मोठ्या मनाने मला सांभाळून घेतले. आता माझाही मोबाइल साडेनऊला ऑफिसच्या टेबलावर राहतो. तातडीच्या आजाऱ्यासाठी बंगल्याचा फोन आणि घंटा आहेच.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. युवकांच्या सभा आपण रात्री नऊला सुरू करून साडेदहाला संपवतो. गायनमंडळाचा सराव तर कधी अकरापर्यंत चालतो. ज्यांना मी सकाळी चर्चमध्ये बोलावत होतो, त्यांनाच आपण रात्री जागे ठेवत होतो. म्हणून धर्मग्राम परिषदेशी बोलून पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. युवकांची सभा आणि गायनाचा सराव साडेसातला सुरू होऊन नऊच्या आत संपेल. चर्चच्या हॉलमागची खोली सोमवार ते शनिवार दुपारी तीन ते सहा अभ्यासासाठी उघडी राहील. पंखे आणि टेबले आहेत, शांतता आपण ठेवायची आहे. लग्नसमारंभांत रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा कायदा २००० सालापासून आहे. तो आपण पोलीस येण्याची वाट न पाहता पाळू या. आपल्या मांडवाशेजारच्या घरात कुणाची तरी पहाटेची गाडी असते.

उत्पत्तीच्या पुस्तकात सृष्टीच्या निर्मितीचे दिवस मोजताना आधी संध्याकाळ सांगितली आहे आणि मग सकाळ. यहुदी लोकांचा दिवस आजही सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्याही रविवारच्या मिस्सा शनिवारी संध्याकाळी सुरू होतात. लहानपणापासून वाचलेली ही गोष्ट मला या मुलीच्या कागदाने नव्याने समजली. आधी विश्रांती, मग काम. नव्या दिवसाची पहिली कृती म्हणजे दिवा मालवणे.

घरी बोलण्यासाठी

(या आठवड्यात एके दिवशी रोझरीनंतर दहा मिनिटे यावर बोलावे.)

१. आपल्या घरात सर्वांत आधी कोण उठते? ती व्यक्ती आदल्या रात्री किती वाजता झोपते? तिला लवकर झोपता यावे म्हणून इतरांनी कोणते काम उचलावे?

२. मुलांनी आपला एक दिवस कागदावर लिहावा. आईवडिलांनी तो वाचताना मध्ये बोलू नये. नंतर आईवडिलांनीही आपला दिवस लिहून मुलांना दाखवावा.

३. टीव्ही किती वाजता बंद करायचा आणि सर्वांचे मोबाइल रात्री कुठे ठेवायचे, हे सर्वांनी मिळून ठरवावे. नियम मोठ्यांनाही लागू असावा.

४. आपल्या घरात कोण कोणाचा लांपे होऊ शकेल?

आपल्या सर्वांना शांत रात्र आणि प्रसन्न सकाळ लाभो, ही प्रार्थना.

आपला,
प्रमुख धर्मगुरू